डोंगर न पाहिलेला वर्ग

भाचीच्या पाठटाचणाच्या वहीत लाल पेनानं एक शेरा आहे : ‘पाठ चांगला. मात्र आधुनिक साधनांचा वापर अपुरा.’ बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या या छात्राध्यापिकेनं सातवीच्या वर्गावर भूगोलाचा पाठ घेतला, निरीक्षक प्राध्यापकांनी मागच्या बाकावर बसून तो पाहिला आणि जाताना एवढं लिहून गेले. दिवाळीच्या सुट्टीत ती वही घेऊनच ती माढा तालुक्यातल्या आजोळी आली. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या मामांनी चष्मा लावला, शेरा वाचला आणि म्हणाले, “बरोबरच लिहिलंय की.”

भाचीला हे अपेक्षित नव्हतं. मामा आपली बाजू घेतील अशा भरवशावर ती आली होती. तिथून जे बोलणं सुरू झालं ते जेवणं उरकून ओसरीवर अंथरुणं पडेपर्यंत चाललं.

म्हातारी माणसं खडूच्या बाजूची आणि तरुण पोरं मोबाइलच्या बाजूची, असा आपला सरधोपट समज असतो. या ओसरीवर तसं नव्हतं. मामांच्या नोकरीतली सगळ्यात उमेदीची वर्षं डिजिटल शाळेची. २२ जून २०१५ ला राज्य सरकारनं ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय काढला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत गावोगावच्या प्राथमिक शाळांत पडदे, प्रोजेक्टर, टॅब दिसू लागले. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या डिजिटल शाळेचं नाव तेव्हा शिक्षकांच्या तोंडी होतं. मामांनी गावातून लोकवर्गणी गोळा केली. कुणी पाचशे दिले, कुणी ज्वारीचं पोतं विकून हजार दिले. टीव्ही आला तेव्हा त्याला हार घातला गेला. त्यांच्याच तालुक्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले गुरुजी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून शिकवत होते. ३ डिसेंबर २०२० ला त्यांना दहा लाख डॉलरचं ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झालं आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटायचं ठरवलं. मामा ती बातमी आजही कालची असल्यासारखी सांगतात. जिल्हा परिषदेच्या मास्तराकडे जगानं पाहिलं, याचा अभिमान त्यांच्या आवाजात असतो, आणि तो रास्त आहे.

भाची दुसऱ्या टोकाची. ती बारावीला होती २०२०-२१ मध्ये. शाळा-महाविद्यालयं बंद, तास मोबाइलवर. जून २०२१ मध्ये राज्य सरकारनं मंडळाची परीक्षाच रद्द केली आणि निकाल लागला ९९.६३ टक्के. “मी एकही पेपर न लिहिता बारावी पास झाले, मामा,” ती म्हणते. “वर्षभर मी एका चौकोनाकडे बघत होते. सर विचारायचे, आवाज येतोय का? आम्ही लिहायचो, येस सर. आणि फोन उशाला ठेवून झोपायचो. मला तंत्रज्ञानाचं कौतुक नाही असं नाही. पण मी त्याच्या खालून आलेय. त्याच्याखाली काय काय दडतं ते मला माहीत आहे.”

मग तिनं तो पाठ सांगितला. पाठ होता समोच्च रेषांचा. समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवर असलेली ठिकाणं जोडली की होणारी रेषा. व्याख्या एका ओळीची, पण डोक्यात बसायला महाकठीण. कारण कागद सपाट आणि डोंगर उंच. पहिल्या दिवशी तिनं शाळेतल्या स्मार्ट टीव्हीवर सात मिनिटांचं ॲनिमेशन दाखवलं होतं. डोंगर फिरत होता, त्याच्या अंगावर लाल रेषा गुंडाळल्या जात होत्या, मागे संगीत. पोरं मन लावून बघत होती. संपल्यावर तिनं विचारलं, समजलं का? सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, हो मॅडम. दुसऱ्या दिवशी तिनं प्रत्येकाला कोरा कागद दिला आणि एका बाजूनं सरळ कडा, दुसऱ्या बाजूनं सावकाश उतार असलेल्या टेकडीच्या रेषा काढायला सांगितल्या. ५२ मुलांपैकी बहुतेकांनी बालवाडीत काढतात तसे त्रिकोणी डोंगर काढले. दोघांनी मधोमध सूर्यही काढला.

म्हणून निरीक्षणाच्या पाठाला तिनं टीव्ही बंद ठेवला आणि पिशवीतून बटाटे काढले.

पाच-पाच मुलांच्या गटाला एक बटाटा. तो मधोमध चिरून त्याचा एक अर्धा भाग घ्यायचा. चिरलेली बाजू खाली ठेवली की झाली टेकडी. वरून खालपर्यंत दाभणानं आरपार भोक पाडायचं. मग बटाट्याच्या सारख्या जाडीच्या आडव्या चकत्या करायच्या. सुरी मॅडमच्याच हातात. कागदावर एक ठिपका काढायचा. सगळ्यात खालची, मोठी चकती ठिपक्यावर तिचं भोक येईल अशी ठेवायची आणि पेन्सिलीनं तिची कड गिरवायची. मग त्याच ठिपक्यावर दुसरी चकती, मग तिसरी. शेवटी चकत्या उचलल्या की कागदावर एकात एक अशी कडी उरतात. बटाटा जिथं सरळ तुटलेला होता तिथं रेषा एकमेकींना खेटलेल्या, जिथं निमुळता होत गेला होता तिथं लांब लांब. बटाट्याच्या पाण्यानं कागद ओले झाले, पेन्सिलीची टोकं मोडली, वर्गात गलका झाला. आणि खिडकीशी बसलेला एक मुलगा कागद वर धरून ओरडला, “मॅडम, इकडं रेषा चिकटल्यात, म्हणजे इकडं कडा हाय!”

“एवढं झाल्यावर शेरा काय, तर साधनांचा वापर अपुरा,” भाची म्हणाली. “वर्गात अकरा बटाटे होते.”

मामा हसले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, “तू केलंस ते उत्तमच. पण मला सांग, त्या पोरानं कडा बघितलाय का कधी?”

भाची थांबली.

“हा आपला मुलूख बघ. उभं राहिलं की चार कोस नजर जाते. ऊस, ज्वारी, केळी, कॅनॉल. डोंगर कुठाय? तुझ्या त्या पोरानं कडा हा शब्द पुस्तकात वाचलाय. बटाट्यावरनं त्याला रेषा कळली. डोंगर कळला नाही. अशा वेळी मी फोन काढला असता. गुगल अर्थ उघडलं असतं. कळसूबाई, १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. तिथनं हरिश्चंद्रगडावर आणलं असतं आणि दोन बोटांनी चित्र तिरकं करून कोकणकडा दाखवला असता. मग म्हणलं असतं, बाळा, तुझ्या कागदावर ज्या चिकटलेल्या रेषा आहेत ना, त्या ह्या. आता तो कडा त्याच्या डोळ्यांत गेला. हे बटाट्यानं होत नाही.”

इथे मामांचं म्हणणं बिनतोड आहे. खेड्यातल्या शाळेपुरतं बोलायचं तर पडद्याचं सगळ्यात मोठं देणं हेच : जे मुलाच्या पंचक्रोशीत नाही ते त्याच्यासमोर आणणं. ही आस जुनी आहे. १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली ती याच कामासाठी. दूरदर्शनवरच्या तिच्या कार्यक्रमांनी एका पिढीला कारखाने, किल्ले, प्रयोगशाळा दाखवल्या. २०१७ मध्ये ती संस्था बंद झाली, हे महाराष्ट्राच्या शिक्षणातलं एक दुखरं पान आहे.

भाचीनं ते मान्य केलं, आणि स्वतःहून एक कबुलीही दिली. तिच्या वर्गातल्या बहुतेक छात्राध्यापकांप्रमाणे तिनंही एकदा चॅटजीपीटीकडून पाठटाचण लिहून घेतलं होतं. मराठी नीटनेटकी, उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, मूल्यमापन सगळं रकान्यात. फक्त ‘पूर्वज्ञान’ या रकान्यात लिहून आलं होतं : विद्यार्थ्यांना आपल्या परिसरातील डोंगर व दऱ्या परिचित आहेत. “मी ते वाचलं आणि तसंच वहीत उतरवलं. आत्ता तुम्ही विचारलंत तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते खोटं होतं. त्या यंत्राला माझा वर्ग माहीत नव्हता, ते समजू शकते. पण मला तरी कुठं माहीत होता?”

हे तिनं फार प्रामाणिकपणे सांगितलं. भावी शिक्षकाच्या दृष्टीनं या साऱ्या चर्चेतली ही सगळ्यात मोलाची जागा. पूर्वज्ञानाचा रकाना भरण्यासाठी वर्गातल्या मुलांशी बोलावं लागतं, त्यांच्या घरी जावं लागतं, ते सुट्टीत कुठं जातात ते विचारावं लागतं. तो रकाना दुसऱ्याकडून भरून घेतला की बाकी पाठ कितीही देखणा झाला तरी तो कुणा भलत्याच वर्गासाठी होतो.

मामींनी चहा आणून ठेवला. त्या अंगणवाडी सेविका. त्यांनी उभ्या उभ्या आपलं मत दिलं : “तुमचं चालू दे. आमच्याकडं आधी फोनमध्ये नोंद, मग पोरांना खाऊ.” २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी नादुरुस्त झालेले सरकारी मोबाइल परत केले होते, त्या आंदोलनात मामी होत्या. आता पोषण ट्रॅकरमध्ये घरी न्यायचा आहार देताना चेहऱ्याची ओळख पटवावी लागते. रेंज नसली की आई दारात ताटकळत उभी. शाळेतल्या शिक्षकांचंही दुखणं तेच. सरल, यू-डायसवर माहिती भरा, रोजची लिंक, रोजचा फोटो. ‘आम्हाला शिकवू द्या’ ही मागणी घेऊन राज्यातले शिक्षक रस्त्यावर आले ते या ओझ्यापोटी. तंत्रज्ञान म्हटलं की शिक्षकाच्या डोळ्यांपुढे शिकवण्याचं साधन येण्याआधी माहिती भरण्याचं काम येतं, आणि हा दोष शिक्षकाचा नाही.

मग बोलणं करोनाकडे वळलं. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ या मोहिमेत व्हॉट्सॲपवर रोज अभ्यास येत होता. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ मालिका लागली. मामा तेव्हा नोकरीत होते. त्यांच्या शाळेतल्या काही मुलांचे आईवडील ऊसतोडीला जायचे. त्यांच्या मुक्कामाच्या झोपडीत, कोपीवर, टीव्ही कुठला आणि मोठा फोन कुठला. मामांनी एका वहीत त्या मुलांच्या आईवडिलांचे साध्या फोनचे नंबर लिहिले आणि दर आठवड्याला संध्याकाळी फोन लावायला सुरुवात केली. फोनवर पाढे, तोंडी बेरजा, एखादी गोष्ट. “पंधरा-वीस मिनिटं. पण पोरगं दिवसभर वाट बघायचं. आई सांगायची, गुरुजी, सकाळपासनं विचारतंय, आज फोन हाय का.”

मामांना माहीत नव्हतं, पण नेमक्या याच गोष्टीचा त्याच वर्षी आफ्रिकेतल्या बोट्स्वाना देशात शास्त्रीय पद्धतीनं तपास झाला. प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या साडेचार हजार कुटुंबांत प्रयोग झाला. काही घरांना दर आठवड्याला गणिताचे फक्त एसएमएस गेले. काही घरांना एसएमएस आणि त्यासोबत शिक्षकाचा पंधरा-वीस मिनिटांचा फोन. नुसत्या एसएमएसनं फारसं काही साधलं नाही. फोन आलेल्या घरांतली मुलं गणितात पुढे गेली. हा निबंध २०२२ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेविअर’ या नियतकालिकात आला. भाचीनं हे महाविद्यालयाच्या ग्रंथालयात वाचलं होतं, तिनंच ते मामांना सांगितलं. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, “म्हणजे मी बरोबर करत होतो.”

“बरोबर करत होता. पण मामा, तो स्मार्टफोन नव्हता. तुम्ही होता.”

“आणि फोन नसता तर मी कोपीपर्यंत पोचलो असतो का?”

दोघंही खरं बोलत होते. सोलापुरात नीलमनगरच्या शिक्षकांनी त्याच काळात आणखी वेगळी वाट काढली : ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. अक्षरं, पाढे, व्याख्या, सूत्रं. मुलं अंतर ठेवून भिंतीपुढे उभी राहायची आणि वाचायची. बटाट्यासारखंच, हाताशी होतं ते साधन.

भाचीकडे आकडेही होते. ‘असर २०२४’च्या ग्रामीण सर्वेक्षणात १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून जास्त जणांना स्मार्टफोन वापरता येतो. आदल्या आठवड्यात त्यावर काही अभ्यासाचं केलं, असं ५७ टक्के मुलं म्हणाली. त्याच आठवड्यात समाजमाध्यमं वापरली, असं म्हणणारी ७६ टक्के. समाजमाध्यमं वापरणाऱ्यांपैकी नको असलेलं खातं ब्लॉक करायचं कसं, हे ठाऊक असलेली ६२ टक्के. स्वतःचं खातं खासगी कसं करायचं, हे ठाऊक असलेली ५५ टक्के. आणि फोन वापरता येणाऱ्यांत स्वतःच्या मालकीचा फोन असलेले मुलगे ३६ टक्के, मुली २७ टक्के. “यातला एकही धडा आपण शाळेत शिकवत नाही. पोरं रस्ता ओलांडायला शिकायच्या आधी हायवेवर आलीयत.”

मामा ऐकून घेणारे नव्हते. त्याच अहवालातला दुसरा आकडा त्यांनी काढला. सरकारी शाळांतली तिसरीची जी मुलं दुसरीचा धडा वाचू शकतात त्यांचं देशभरातलं प्रमाण २०२२ मध्ये १६.३ टक्क्यांवर घसरलं होतं, ते २०२४ मध्ये २३.४ वर आलं. “पोरं वाचायला लागली परत. कशानं लागली? शिक्षकानं पायाभूत वाचन मनावर घेतलं म्हणून. मोबाइल तर त्या दोन वर्षांत वाढलेच की घरोघरी. म्हणजे मोबाइल असला की वाचन बुडालंच असं काही नाही.”

मग ते संगणकाच्या बाजूनं आणखी पुढे गेले. दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांसाठी शाळेनंतरच्या केंद्रांत ‘माइंडस्पार्क’ नावाचं सॉफ्टवेअर वापरून पाहिलं. साडेचार महिन्यांत ती मुलं गणित आणि हिंदी दोन्हींत इतरांच्या स्पष्ट पुढे गेली. कारण ते सॉफ्टवेअर सहावीच्या मुलाला सहावीचं गणित देत नव्हतं. त्याला तिसरीचं येत असेल तर तिसरीपासून सुरू करत होतं. “साठ पोरांच्या वर्गात हे मला ३४ वर्षांत जमलं नाही. साठ जणांना साठ ठिकाणांहून कसं उचलायचं? यंत्र ते करतंय तर करू द्यावं.”

भाचीनं पेरूचा दाखला दिला. त्या देशानं दहा लाखांवर लॅपटॉप मुलांना वाटले, पण शिकवण्याच्या पद्धतीत त्यांची सांगड घातली नाही. मुलांच्या शिकण्यात फरक पडला नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात हे नमूद आहे. अहवालाचा सगळा रोख एका प्रश्नावर आहे : हे साधन खरं, पण कुणाच्या अटींवर? लक्ष एकदा विचलित झालं की विद्यार्थ्याला परत अभ्यासात यायला वीस मिनिटंही लागू शकतात, असंही त्यात म्हटलं आहे. आपल्याकडची तासिका असते ३५ ते ४० मिनिटांची.

इथपर्यंत वाद साधनांचा होता. तो पुरता पेटला तो फोटोंवरून.

मामांच्या शाळेचं फेसबुकवर पान होतं. त्यावर बाजाराचा दिवस, वृक्षदिंडी, प्रभातफेरी, मुलांची भाषणं असायची. पुण्या-मुंबईत गेलेली गावची माणसं ते बघायची. त्यातूनच वर्गणी आली, त्यातूनच शाळेला पाण्याची टाकी मिळाली. सरकारी शाळेत काही होतच नाही असं म्हणणाऱ्यांची तोंडं त्या पानानं बंद केली. हे सगळं खरं आहे, आणि हलकं लेखण्याजोगं नाही.

भाची मात्र तिच्या छात्रसेवाकालातला एक प्रसंग सांगायला लागली तेव्हा तिचा आवाज बदलला. शाळेचं नाव तिनं घेतलं नाही, इथेही घेण्याचं कारण नाही. तिच्या गटातल्या एका छात्राध्यापकानं कविता म्हणणाऱ्या मुलांचं रील केलं. छान होतं. गाणं लावलं, इन्स्टाग्रामवर टाकलं. त्यात एक मुलगा दोन शब्दांवर अडखळत होता. बोलताना तो नेहमीच अडखळतो. दोन दिवसांत रीलखाली हसणारे चेहरे जमले. गावातल्याच कुणीतरी ते रील शाळेच्या बाहेर त्या मुलाला दाखवलं. पुढच्या सोमवारी भाचीनं वर्गात त्याला वाचायला उभं केलं. तो उभा राहिला आणि त्यानं पुस्तक चेहऱ्यापुढे धरलं. वाचलं नाही. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, त्याला वाटतंय तुम्ही शूटिंग करताय.”

“माझे दोन्ही हात रिकामे होते, मामा. फोन पर्समध्ये होता. तरी त्याला वाटलं.”

ओसरीवर कुणी बोललं नाही.

“त्या मुलाला वर्गात चुकायची मुभा होती. चुकत चुकतच तो शिकत होता. आम्ही ती जागा गावाच्या चव्हाट्यावर नेऊन ठेवली. आणि ज्यानं नेली तो वाईट नाही. त्याला वाटलं, चांगला उपक्रम आहे, लोकांनी बघावा. त्याला हे कुणी शिकवलंच नाही. मलाही नाही.”

मामा म्हणाले, “तो फोटोचा दोष नाही गं. कुठला टाकायचा नि कुठला नाही, एवढं तारतम्य पाहिजे.”

“तारतम्य कुणाचं? ज्याचा चेहरा आहे त्याला कुणी विचारलं का? तुमच्या पानावर मोफत गणवेश वाटपाचा फोटो होता. रांगेत उभी पोरं, हातात पाकीट. त्यातली एक आता माझ्या महाविद्यालयात शिकते. ती म्हणते, दर जूनला तो फोटो आठवण म्हणून वर येतो आणि मला नको वाटतं.”

हे मामांना लागलं. त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. मामीच म्हणाल्या, “मी म्हणलं होतं तेव्हा. पाकीट देताना कशाला फोटो.”

कायदाही आता भाचीच्या बाजूला झुकतो आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो. मुलांची माहिती वापरायची तर पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती घ्या आणि मुलांवर पाळत ठेवू नका, असं त्यात लिहिलं आहे. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेनं २०२२ मध्ये ४९ देशांतली १६३ ऑनलाइन शिक्षण-उत्पादनं तपासली, तेव्हा त्यातली १४५ मुलांच्या हक्कांना धोका पोचवणारी निघाली. ऑस्ट्रेलियानं तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना बहुतेक मोठ्या समाजमाध्यमांवर खातं ठेवायला मनाई केली. आपल्याकडे मात्र पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशी मुलाचा फोटो शाळेच्या, केंद्राच्या, तालुक्याच्या अशा तीन-चार गटांत फिरतो आणि त्या आईला त्याचा पत्ताही नसतो.

मनाईनं सगळं सुटेल असं भाचीचंही म्हणणं नाही. तिला पटतं ते सांगली जिल्ह्यातलं, कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. तिथे १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो. दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला. साडेआठला पुन्हा भोंगा. “तिथे पोरांचा फोन काढून घेतला नाही. गावानं आपला फोन आधी खाली ठेवला. मग पोरांनी ठेवला. शिक्षकांनाही असा भोंगा पाहिजे,” ती म्हणाली.

“आणि दीड तासानंतर?” मामांनी विचारलं. “साडेआठनंतर तोच फोन चांगल्या कामाला लावायला कोण शिकवणार? तूच ना? मग तुला तो आला पाहिजे. शेरा त्यासाठी आहे.”

या प्रश्नावर येऊन दोघं एका वाटेला लागले. २०१४ च्या नियमावलीनंतर बी.एड. दोन वर्षांचं झालं, वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत घालवायचे ठरले, आणि अभ्यासक्रमात एक विषय आला : माहिती तंत्रज्ञानाचं चिकित्सक आकलन. नाव फार विचारपूर्वक दिलेलं आहे. भाचीच्या महाविद्यालयात त्या विषयात स्लाइड्स बनवल्या, गुगल फॉर्म बनवला, त्याची छापील प्रत फाइलला लावली, गुण मिळाले. आकलन झालं, चिकित्सा राहून गेली. टीव्ही केव्हा बंद ठेवायचा, पालकांची परवानगी कोणत्या शब्दांत मागायची, रीलमध्ये आलेल्या मुलाला वर्गात पुन्हा बोलतं कसं करायचं, यंत्रानं लिहिलेल्या टाचणातलं खोटं कसं पकडायचं, यावर एकही तास झाला नाही. महाविद्यालयांनी हे तास घ्यायला हवेत. त्यासाठी नवा निधी लागत नाही, नवी खोली लागत नाही. आणि निरीक्षक प्राध्यापकांनी पाठ बघताना साधनांची संख्या मोजण्याऐवजी वर्गात किती मुलं बोलली ते मोजावं, अशी विनंती त्यांना या लेखातूनही करावीशी वाटते.

फोटोंवर मामा आणि भाचीचं शेवटपर्यंत जुळलं नाही. मामा म्हणतात, चांगलं काम झाकून ठेवलं तर सरकारी शाळा बंद पाडणाऱ्यांचं फावेल. भाची म्हणते, काम दाखवा, फळा दाखवा, वह्या दाखवा, चेहरे नकोत. पण झोपण्याआधी मामांनी तिचा फोन मागून घेतला, अंगणात रेंज येते तिथं जाऊन कळसूबाई आणि कोकणकड्याची चित्रं नेटशिवाय दिसतील अशी उतरवून दिली, आणि चित्र दोन बोटांनी तिरकं कसं करायचं ते दोनदा करून दाखवलं.

सुट्टीनंतर तो पाठ तिला दुसऱ्या तुकडीवर घ्यायचा आहे. वहीत नवं टाचण तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं आहे. पूर्वज्ञान : वर्गातील बहुतेक मुलांनी डोंगर पाहिलेला नाही. शैक्षणिक साधने : अकरा बटाटे, दाभण, कागद, पेन्सिली, शेवटची दहा मिनिटे मोबाइलवरील कोकणकडा. फोटो : नाही.